अस्सल लावणी कोणाची?

‘छे, ही काही अस्सल लावणी नव्हे!’ हे वाक्य महाराष्ट्रात किती वर्षं बोललं जातंय कोण जाणे. सिनेमातली लावणी आली तेव्हा ते बोललं गेलं, कॅसेटी आल्या तेव्हा बोललं गेलं, टीव्हीवर नाचाच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हाही बोललं गेलं. २०२२-२३ च्या सुमारास जत्रांत आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांत डीजेच्या तालावरचे नाचाचे कार्यक्रम तुफान गर्दी खेचू लागले, तेव्हा तर ज्येष्ठ लावणी कलावंतांनीच जाहीरपणे हरकत घेतली. लावणीच्या नावाखाली हे काय चाललंय, असं त्यांचं म्हणणं. उलट बाजूनं सवाल आला, की लोक ज्याच्यासाठी मैलोन्‌मैल चालत येतात ती लोककला नाही, तर मग लोककला तरी कशाला म्हणायचं?

मी कवी आहे, लावणीचा संशोधक नव्हे. पण हा ‘अस्सल’ शब्द माझ्याही वाट्याला अधूनमधून येतो. कसा, ते पुढं सांगतो. आधी शब्दाकडंच पाहू. ‘अस्सल’ हा अरबी ‘अस्ल’वरून आलेला. अस्ल म्हणजे मूळ, मुळी. म्हणजे आपल्या गाण्याच्या अस्सलपणाची ग्वाही द्यायला आपण जो शब्द वापरतो, तोच दूरच्या मुलखातून चालत आलेला आहे! आणि तो एकटा नाही. तमाशा, शाहीर, डफ, कलगी, तुरा हे शब्द अरबी-फारसीच्या वाटेनं आले. त्याच तमाशाची सुरुवात होते गणेशाच्या स्तवनानं, गणानं. मग येते कृष्णाची गवळण. बाहेरून आलेला शब्द आणि घरातला देव एकाच बोर्डावर शेजारीशेजारी उभे असतात आणि प्रेक्षकांत कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. खुद्द ‘लावणी’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवरही एकमत नाही. कोणी म्हणतं लावण्यावरून, कोणी म्हणतं शेतातल्या लावणीवरून. मुळाचा शोध घ्यायला जावं तर पहिल्याच पावलाला अशा दोन वाटा फुटतात.

माणसांकडं पाहिलं तरी तेच. पेशवाईच्या उत्तरार्धात लावणीला बहर आला. त्या काळचे मोठे शाहीर कोण होते? सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण, संस्कृत जाणणारे. होनाजी शिलारखाने गवळी. सगनभाऊ मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पुढं पठ्ठे बापूराव आले. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. गावचं कुलकर्णीपण सोडून ते तमाशात गेले आणि पवळा या महार समाजातल्या गुणी कलावतीबरोबर त्यांनी फड गाजवला. १९४५ साली पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं.

आता सांगा, यातला ‘मूळचा’ कोण? गवळी, ब्राह्मण, शिकलगार, कुलकर्णी – एकेकाचा जन्म पाहिला तर लावणी कोणाच्याच घरची नाही. ती सगळ्यांनी शिकून घेतलेली आहे. शिवाय ती ऐकणाऱ्यांच्या पैशावर जगलेली आहे. वाड्यावरचे सरदार असोत की जत्रेतले शेतकरी, समोरच्याला काय आवडेल याचा अंदाज घेऊनच शाहिरानं शब्द बांधले. ‘लोकप्रियतेसाठी केलं म्हणून खोटं’ हा नियम लावायचा, तर अख्खी शाहिरी कविता खोटी ठरेल.

मग ही खऱ्या-खोट्याची भाषा आली कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे, पांढरपेशा समाजाला तमाशा हवा तर होता, पण धुऊन-पुसून हवा होता, तिथून ती आली. स्वातंत्र्याच्या आगेमागे, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. पुढं ती अटींवर उठली. वग आणि लावण्या आधी तपासून घ्यायच्या, मग बोर्डावर आणायच्या, असा दंडक आला. त्याच काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला. नाट्यगृहातल्या खुर्चीवर बसून बायको-मुलांसह पाहता येईल असा तमाशा म्हणजे लोकनाट्य. त्यातून काही फार चांगली नाटकं मराठीला मिळाली; वसंत सबनीसांचं १९६५ सालचं ‘विच्छा माझी पुरी करा’ कोण विसरेल? पण एक फाळणीही झाली. नाट्यगृहातला तो ‘लोककला’ आणि कनातीतला तो नुसताच ‘तमाशा’. कौतुक एकाच्या वाट्याला आलं आणि नाक मुरडणं दुसऱ्याच्या.

सिनेमानं याहून मोठा बदल केला, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. लावणीची बैठक असते तिथं, म्हणजे संगीत बारीत, कलावती गाते, अदा करते आणि समोरच्याच्या डोळ्याला डोळाही देते. पेटी, तबला, ढोलकी तिच्याकडं बघून वाजतात. एकच ओळ ती पाच-सात वेळा घोळवते आणि दर वेळी तिचा निराळा अर्थ दाखवते. एकदा नजरेतून, एकदा बोटांतून, एकदा नुसत्या मान वळवण्यातून. बैठकीची लावणी बसूनच करायची असते. तिथं पाय नाचत नाहीत, चेहरा नाचतो. त्यामुळं एक लावणी अर्धा अर्धा तास चालू शकते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर मावत होती जेमतेम साडेतीन मिनिटं. तेवढ्यात मुखडा, दोन-तीन अंतरे आणि ढोलकीचे तुकडे बसवायचे. मग ओळ घोळवायला सवड कुठून मिळणार? शिवाय काम वाटलं गेलं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसरीचा, देह चौथीचा.

हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ला गदिमांचे शब्द आणि वसंत पवारांचं संगीत होतं, १९७२ च्या ‘पिंजरा’ला जगदीश खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांचं संगीत. ही गाणी मराठी माणसाच्या जिभेवर अजून आहेत. खेबुडकर पेशानं शाळामास्तर होते. फडाच्या मागं जन्मले नाहीत म्हणून त्यांच्या लावणीचा ठसका कुठं उणा पडत नाही.

आणि सुलोचना चव्हाण? त्या मुंबईच्या, गिरगावातल्या. लग्नाआधीच्या सुलोचना कदम. सुरुवातीला हिंदी सिनेमात गायल्या. १९५१ च्या ‘ढोलक’मधलं त्यांचं गाणं जुन्या रसिकांना आठवत असेल. नंतर त्या लावणीकडं वळल्या आणि अशा गायल्या, की आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. फडावर त्या कधी नाचल्या नाहीत. जाहीर कार्यक्रमात दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, डोक्यावरचा पदर ढळू न देता त्या उभ्या राहायच्या. हातवारे नाहीत, मुरका नाही. सगळा खट्याळपणा फक्त शब्दाच्या फेकीत. ‘लावणीवाली’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं जे चित्र उभं राहतं, त्याच्या अगदी उलट त्यांचं रूप. तरी त्यांची लावणी खोटी आहे असं म्हणायची कोणाची छाती आहे?

पण त्या पदराची दुसरीही एक बाजू आहे. समाजानं लावणी गाणाऱ्या घरंदाज बाईला आदर दिला तो तिच्या गळ्याला, आणि थोडा त्या पदरालाही. कनातीतल्या बाईच्या नशिबी हा पदर नव्हता. विठाबाई नारायणगावकरांचं नाव घेतलं की आपण एक गोष्ट हमखास सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागं त्या बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. कलेवरची निष्ठा म्हणून ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मला दर वेळी वाटतं, यात निष्ठा आहेच, पण नवव्या महिन्यात त्या बाईला बोर्डावर का उभं राहावं लागलं, हे कोणी का विचारत नाही? राष्ट्रपतींच्या हस्ते ज्यांचा सन्मान झाला, त्या विठाबाई २००२ साली गेल्या तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. सोसणारी, जळणारी, तरी हसणारी तमासगीर बाई हीसुद्धा आपण तयार केलेली एक प्रतिमाच आहे. तिच्या सोसण्यालाच आपण अस्सलपणाचा दाखला समजतो.

प्रतिमा एकदा घट्ट झाली की ती मुळावरच उलटते. आज संगीत बारीतल्या किंवा ढोलकी फडातल्या एखाद्या कलावतीनं जुनी बैठकीची लावणी सुरू केली, तर मागच्या रांगेतून फर्माईश येते ती सिनेमातल्या गाण्याची. २०१० साली ‘नटरंग’ आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा तो सिनेमा तमाशातल्या माणसाची, नाच्याची व्यथा सांगणारा होता. लोकांनी व्यथा थिएटरातच ठेवली आणि गाणी तेवढी फडावर नेली. आता बारीतली बाई सिनेमातल्या नटीसारखी नाचली नाही, तर प्रेक्षकाला वाटतं, हिला लावणी येत नाही! जिच्याकडून सिनेमानं उचललं, तिलाच सिनेमाची नक्कल करून आपलं लावणीपण सिद्ध करावं लागतं. शांताबाई शेळक्यांनी लिहिलेलं ‘मी डोलकर’ आज कोळीवाड्यातल्या हळदीत वाजतं आणि बाहेरचा माणूस त्याला पारंपरिक कोळीगीत समजतो. तिथं कोणाचं नुकसान झालं नाही, उलट एका कवयित्रीचं गाणं लोकांचं झालं. बारीत मात्र पोटाचा प्रश्न आहे.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं नाही. अमेरिकेत लेडबेली नावाचा एक मोठा काळा लोकगायक होऊन गेला. १९३३ साली जॉन लोमॅक्स हे लोकगीतांचे संग्राहक लुइझियानातल्या तुरुंगात गाणी गोळा करायला गेले, तेव्हा तो त्यांना भेटला. सुटल्यावर १९३५ च्या सुरुवातीला लोमॅक्स त्याला न्यूयॉर्कला घेऊन गेले. लेडबेलीला आवडायचा झकास सूट आणि बो-टाय. पण शहरातल्या रसिकांपुढं त्याला मजुराच्या, कैद्याच्या वेशात उभं केलं गेलं. लोकांना गाण्याइतकाच ‘तुरुंगातून आलेला रानटी गायक’ पाहायचा होता. दुसरी गोष्ट मडी वॉटर्सची. तो मिसिसिपीच्या शेतावरून शिकागोत आलेला ब्लूज गायक. १९५८ साली तो विजेवरची गिटार घेऊन इंग्लंडला गेला, तर तिथले कित्येक रसिक दचकले. त्यांना शेतावरची साधी गिटार हवी होती. काही वर्षांनी तो साधी गिटार घेऊन पुन्हा गेला, तर आता लोकांना विजेची हवी होती! कलावंत तोच, गाणं तेच. ऐकणाऱ्याच्या डोक्यातलं चित्र तेवढं बदललं होतं.

आता माझं सांगतो. माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि मी कविता मराठीत लिहितो. शाळेत शिकलो मराठी, बी.ए. केलं मराठी घेऊन, भांडतो मराठीत, स्वप्नंही बहुधा मराठीतच पडतात. एका गावी कविसंमेलनाला गेलो होतो. संयोजक गृहस्थ मोठे प्रेमळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, शेरवानी आणली असती तर मंचावर उठून दिसला असतात. आणि कवितेआधी दोन शेर होऊ द्या, तुमच्या त्या खास लहेजात.’ मी नुकत्याच लिहिलेल्या कविता घेऊन गेलो होतो. एक मोटेवरची होती, एक आईच्या जात्यावरची. त्याच वाचल्या. कार्यक्रम संपल्यावर एक आजोबा जवळ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, ‘किती शुद्ध मराठी हो तुमचं! आमच्यातलेच वाटता.’ आजोबांच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण संयोजकांना मी पुरेसा मुसलमान दिसलो नव्हतो आणि आजोबांना मी पुरेसा मराठी असल्याचं नवल वाटलं होतं. कविता कशी होती, हे दोघंही बोलले नाहीत. त्या रात्री मला सगनभाऊंची फार आठवण झाली. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांची, म्हणजे शाहीर अमर शेखांचीही. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना लोक त्यांचा आवाज ऐकायला यायचे. तो आवाज मराठी आहे की नाही, याचा दाखला त्यांना डफाबरोबर खिशात ठेवावा लागला नसावा, अशी माझी आपली समजूत आहे.

एवढं बोलल्यावर कोणी म्हणेल, मग तुमच्या मते खरं-खोटं काही नसतंच. डीजेचा नाचही लावणी आणि बैठकीची लावणीही लावणी. नाही, तसं माझं म्हणणं नाही. हरकत घेणाऱ्या ज्येष्ठ कलावतींचं दुःख खरं आहे. फक्त त्या दुःखाला आपण ‘संस्कृती बुडाली’ असं ढोबळ नाव देतो, ते चुकतं. बुडते आहे ती तालीम. वाईच्या यमुनाबाई वाईकर २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्यासारख्या कलावतीकडं जे होतं, ते नऊवारीत नव्हतं, चाळांच्या वजनात नव्हतं आणि जन्मातही नव्हतं. एका ओळीचे दहा अर्थ कसे दाखवायचे, कुठं थांबायचं, ढोलकीला कुठं जागा द्यायची, शब्द ओठांवर किती रेंगाळू द्यायचा, हे ज्ञान त्यांनी वर्षानुवर्षं घासून मिळवलं होतं. ते कोणालाही शिकता येतं, पण शिकावं लागतं. रामजोशी शिकले, पठ्ठे बापूराव शिकले, सुलोचनाबाई शिकल्या. ज्यानं ही तालीम घेतली त्याची लावणी खरी, मग तो कुठल्याही घरात जन्मलेला असो आणि अंगावर काहीही घातलेलं असो. ज्यानं घेतली नाही त्यानं खुशाल नाचावं, लोकांनी खुशाल पाहावं, त्यात पाप नाही. फक्त त्याला लावणी म्हणू नये, इतकंच. साध्या सुपाला आपण पैठणी म्हणतो का?

या कसोटीबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: या चित्राची किंमत कोण मोजतं? डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. नाचणाऱ्या आईच्या मुलानं लिहिलेलं ते आत्मकथन. बोर्डावर दिवे लागलेले असताना मागं पोरांचं काय होतं, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव विचारलं की काय होतं, हे ज्यांनी त्या पुस्तकात वाचलं, त्यांना ‘अस्सल लावणी जिवंत राहिली पाहिजे’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारता येणार नाही. कला जिवंत राहावी म्हणून एखाद्या जातीतल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच उंबऱ्याच्या आत राहावं, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्यांच्या लेकी डॉक्टर, मास्तरीण, नर्स व्हाव्यात. आणि ज्याला लावणीची ओढ आहे अशा कोणत्याही घरच्या मुलीला वा मुलाला ती त्यांच्या आयांकडून, मोबदला देऊन, मानानं गुरू मानून शिकता यावी. तेव्हाच लावणी जन्माच्या खुंट्यावरून सुटेल आणि पुन्हा शिकून मिळवायची विद्या होईल. पेशवाईतल्या शाहिरांच्या हाती ती तशीच होती.

यात्रांचा हंगाम आला की नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येतात, सुपारी ठरते. या वर्षी तुमच्या गावची सुपारी ठरत असेल, तर एवढंच करा. सिनेमातली गाणी जरूर ऐका, पण फडातल्या वयानं सगळ्यांत मोठ्या बाईला म्हणा, ‘आक्का, तुमच्या आवडीची एक म्हणा.’ ती बसून म्हणेल, उभी राहून म्हणेल, पदर घेऊन म्हणेल, तिचं ती ठरवेल. आपण शिट्ट्या थांबवून, तिला लागेल तितका वेळ ऐकायचं. आणि संपल्यावर ही लावणी कोणी बांधली आणि तुम्हाला कोणी शिकवली, हेही विचारायचं. त्या उत्तरात बहुधा एखाद्या मावशीचं, एखाद्या आईचं नाव येईल. ते नाव लक्षात ठेवून घरी जायचं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)